‘पर्सेपोलिस’मधली आजी माझ्यावर ओरडली

खातेवही | शनिवार, रात्री ११:४०

लेक पुण्याला कमर्शियल आर्ट करते. सुट्टीला आली होती, कॉलेजची असाइनमेंट म्हणून तिला एक अॅनिमेशनपट बघायचा होता आणि मला मेथी निवडायची होती. म्हणून दोघी एकाच लॅपटॉपसमोर बसलो. सिनेमा ‘पर्सेपोलिस’. २००७ चा, फ्रेंच भाषेतला, पण गोष्ट इराणची. मार्जान सत्रापी या बाईंनी स्वतःच्या लहानपणावर चार भागांत चित्रकथा काढली होती, त्यावरून त्यांनीच व्हँसाँ पारोनो यांच्यासोबत हा केला.

कार्टून म्हटल्यावर मी अर्धं लक्ष देऊन बघणार होते. दहा मिनिटांत मेथी तशीच राहिली.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तेहरानमधली एकुलती एक, लाडावलेली, तोंडाळ पोरगी. १९७९ ला शहा, म्हणजे इराणचा राजा, जातो तेव्हा ती नऊ वर्षांची. घरातले सगळे खूश, कारण शहाच्या तुरुंगाने या घरातली माणसं खाल्लेली असतात. तिचा काका अनूश त्या तुरुंगातून सुटून येतो, तिला गोष्टी सांगतो, तुरुंगात पावाच्या लगद्याचा केलेला हंस देतो. आणि मग नवं सरकार त्यालाच पुन्हा धरून नेतं आणि मारतं. शेवटच्या भेटीला एकाच माणसाची परवानगी असते, तो पुतणीला बोलावतो. पुन्हा एक पावाचा हंस. मग इराकशी युद्ध, डोक्यावर सक्तीचा स्कार्फ, शेजारच्या घरावर क्षेपणास्त्र. पोरीचं तोंड काही बंद राहत नाही, म्हणून आईबाप चौदाव्या वर्षी तिला एकटीला व्हिएन्नाला धाडतात. तिथे तिचे हाल होतात, परत येते, आर्ट कॉलेज, लग्न, घटस्फोट, आणि शेवटी फ्रान्स.

तर ‘प्रेरणादायी’ म्हणून लोक या सिनेमातले जे प्रसंग सांगतात (लेकीने मला इंटरनेटवर दाखवले), ते सगळे तिच्या धिटाईचे. बससाठी पळत असते, गस्तीवाले म्हणतात पळू नको, मागून अश्लील दिसतं. ती ओरडते, मग माझ्या मागे बघू नका ना! आम्ही दोघी जाम हसलो.

मला मात्र लागला तो दुसराच. मार्जान लिपस्टिक लावून रस्त्यावर उभी असते. नैतिकतेवर पहारा देणाऱ्या त्याच गस्तीवाल्यांची गाडी येताना दिसते. आता ही पकडली जाणार. तर ती काय करते? समोर पायरीवर बसलेल्या एका अनोळखी माणसाकडे बोट दाखवते, हा माझ्याकडे घाणेरडं बघत होता. तो बिचारा गयावया करतो, त्याला कोंबतात गाडीत. ही सुटते. घरी जाऊन आजीला हसत हसत सांगते, कशी युक्ती केली.

आणि आजी हसत नाही. आजी अशी काही बरसते! तुझे आजोबा कशासाठी तुरुंगात गेले, तुझा काका कशासाठी मेला, आणि तू? घाबरले होते असं ही म्हणते, तर आजी म्हणते, निवड प्रत्येकाला असते. नेहमी असते.

मी स्पेसबार दाबून थांबवला. लेक म्हणाली, काय झालं? म्हटलं, काही नाही, गॅस बघून येते. गॅसवर काहीच नव्हतं.

इथे नाव नाही म्हणून लिहिते. मी एका पतसंस्थेत आहे, बावीस वर्षं. तीन वर्षांपूर्वी मार्चएंडला एका सभासदाचा कर्जाचा हप्ता दुसऱ्याच्याच खात्यात जमा झाला. त्या माणसाला थकबाकीची नोटीस गेली, तो चारचौघांत येऊन आरडाओरडा करून गेला. साहेबांनी विचारलं, ही एंट्री कोणी मारली? मारली मीच होती. रात्री साडेनऊ वाजता, डोळे मिटत असताना. पण तेव्हा एक पोरगा रोजंदारीवर एंट्रीला घेतला होता, एकवीस-बावीसचा. माझ्याच लॉगिनवर बसायचा कधी कधी. मी एवढंच म्हटलं, “एंट्रीला तोच असतो ना हल्ली.” खोटं एक अक्षर नाही बघा त्यात. सोमवारपासून येऊ नको म्हणून त्याला सांगितलं गेलं.

गावातच आहे तो. बसस्टँडच्या मागे मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलंय. मी तीन वर्षं त्या रस्त्याने जात नाही, फिरून जाते.

सिनेमाबद्दल लिहायला बसले आणि हे लिहून बसले. असो. कोणी बघितलाय का? तुम्हाला त्यातून काय मिळालं?

---

वाट्टेलते | रविवार, सकाळी ७:१५

पहिला! बघितला नाही. आजच बघतो. मेथीचं पुढे काय झालं?

रानजाई | रविवार, ८:०२

खातेवही, धाडसाने लिहिलंत. “खोटं एक अक्षर नाही बघा त्यात” हे वाक्य दिवसभर पिडणार आहे मला.

माझं त्या आजीवर प्रेम बसलं ते जाईच्या फुलांमुळे. रोज सकाळी ताजी फुलं वेचून ती छातीशी चोळीत ठेवते, रात्री कपडे उतरवताना ती फुलं पडतात आणि नात बघत असते. मार्जान व्हिएन्नाला जायच्या आदल्या रात्री आजीच्या कुशीत झोपते तो प्रसंग आठवा. आमची आजी (माझगावची, सावंतवाडीकडची) चोळीत बटवा ठेवायची आणि त्यात चार आणे, सुपारी आणि एक सुरंगीचा वळेसर. पैसे दिले तरी त्यांना वास यायचा. दुकानदार नोट हुंगून म्हणायचा, आजीबाईंनी पाठवलंय वाटतं. तेहरानच्या आजीने मला माझी आजी परत दिली, यापलीकडे मला त्या सिनेमाकडून प्रेरणाबिरणा नको.

तळटीप | रविवार, ९:३०

थोडी भर. कान चित्रपट महोत्सवात २००७ मध्ये याला ज्युरी पारितोषिक मिळालं (दुसऱ्या एका चित्रपटासोबत विभागून). ऑस्करला अॅनिमेशन विभागात नामांकन होतं, पण ऑस्कर ‘रॅटाटुई’तल्या स्वयंपाक करणाऱ्या उंदराने नेलं. मोठ्या मार्जानला आवाज कियारा मास्त्रोयानींचा, आईला कॅथरीन दनव यांचा, म्हणजे खऱ्याही मायलेकीच. आजी म्हणजे दानिएल दारिओ. त्यांनी १९६७ साली दनव यांच्या आईचं काम पडद्यावर आधी केलेलं होतंच, त्यामुळे तीन पिढ्यांचं हे घर आवाजातही जमून आलंय.

आणि तो चित्रांतच का केला, तर सत्रापी म्हणतात की जिवंत नट घेतले असते तर ती ‘दूरदेशीच्या, आपल्यासारख्या न दिसणाऱ्या लोकांची’ गोष्ट झाली असती. रेघ सगळ्यांची असते. रंग फक्त आजच्या प्रसंगांना, पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावरच्या. तिथे ती तेहरानच्या विमानासाठी जाते आणि चढत नाही, सिगारेट ओढत बसून राहते. आपणही असंच करतो ना, जुन्या आठवणी फिकट आणि आज रंगीत? इथेही तेच आहे, पण आजचा रंग फिकट वाटतो आणि काळंपांढरं लहानपण उजळ. हे कसं साधलंय ते मला तीनदा बघून कळलेलं नाही.

बिनसाखर | रविवार, १०:१०

मी जरा कडू बोलणार. या सिनेमाला ‘इराणी स्त्रियांचं जीवन’ म्हणणं मला पटत नाही. हे तेहरानच्या एका सुखवस्तू, डाव्या, शिकलेल्या घराचं जीवन आहे. ज्यांच्याकडे पोरीला व्हिएन्नाला पाठवायला पैसे आहेत. घरात मोलकरीण आहे. गावाकडच्या, डोक्यापासून पायापर्यंत चादोर मनापासून घालणाऱ्या, क्रांतीत रस्त्यावर उतरलेल्या हजारो बायका यात कुठेत? पाश्चात्त्य प्रेक्षकाला हवी तशी इराणी बाई दाखवली की टाळ्या मिळतात.

पावशेर | रविवार, १०:२५

बिनसाखर यांच्याशी असहमत. आत्मचरित्रात दुसऱ्याचं चरित्र का शोधायचं? उद्या कोणी म्हणेल लक्ष्मीबाई टिळकांनी भिल्लांबद्दल का नाही लिहिलं.

तळटीप | रविवार, १०:५०

बिनसाखर, आक्षेप रास्त आहे, पण बाईंना तो माहीत आहे. मूळ पुस्तकात एक पान बघा. युद्धावर गरिबाघरच्या पोरांना प्लास्टिकच्या सोनेरी किल्ल्या देतात, स्वर्गाच्या. वरच्या चौकटीत ती पोरं गळ्यात किल्ल्या घालून सुरुंगावर उडताना, नुसत्या काळ्या सावल्या. खालच्या चौकटीत मार्जान तिच्या पहिल्या पार्टीत, आईने विणलेला भोकाभोकांचा स्वेटर आणि गळ्यात साखळी-खिळे, तशाच हातपाय फेकत नाचताना. दोन्हीकडे शरीरं हवेत. खाली शब्द फार नाहीत. स्वतःला इतकं उघडं पाडणाऱ्या लेखिकेला वर्गाचं भान नाही असं म्हणवत नाही. मोलकरणीची गोष्टही पुस्तकात आहे. शेजारच्या मुलावर तिचं प्रेम बसतं, आणि तो संबंध तोडणारा माणूस दुसरा कोणी नसून मार्जानचे पुरोगामी बाबा.

बिनसाखर | रविवार, ११:०५

हे माहीत नव्हतं. पुस्तक मिळवतो. अर्धा चमचा साखर टाकली.

जय_हो | रविवार, ११:४०

शेवटी काय, त्यांच्यात असंच असतं. आपल्या बायका किती सुखी आहेत हे कळण्यासाठी प्रत्येकीने बघावा हा सिनेमा.

उंबरा | रविवार, १२:२०

काडी टाकू नका हो. सिनेमा पूर्ण बघितलाय का? तो ‘त्यांच्यात असंच असतं’ म्हणतच नाही. रझा शहाने (१९७९ ला गेला त्या शहाच्या बापाने) १९३६ साली हुकूम काढून बायकांच्या डोक्यावरची चादोर उतरवली, पोलिसांकरवी ओढून काढायला लावली. १९७९ नंतर दुसऱ्यांनी हुकूम काढून डोकं परत झाकायला लावलं. दोन्ही वेळेला बाईला विचारलं कोणी नव्हतं. आणि ८ मार्च १९७९ ला, क्रांतीला महिनासुद्धा झाला नव्हता, तेव्हा याच बायका हजारोंनी तेहरानच्या रस्त्यावर उतरल्या होत्या. २०२२ मध्ये स्कार्फवरून पकडलेली महसा अमिनी ही तरुणी कोठडीत असताना मेली, त्यानंतर पुन्हा. ज्यांना आपण ‘बिचाऱ्या’ म्हणतोय त्या चाळीसहून जास्त वर्षं भांडताहेत.

आपल्या बायकांच्या सुखाबद्दल म्हणाल तर वरचाच धागा उघडा, ‘सासरी मंगळसूत्र न घातल्याने झालेला वाद’, २१४ प्रतिसाद.

जय_हो | रविवार, १२:२४

मी फक्त माझं मत मांडलं.

संपादक | रविवार, १:००

यापुढचे सात प्रतिसाद उडवले आहेत. चित्रपटावर बोला.

कसबा_पेठ | रविवार, २:१५

जेवून आले. माझा अनुभव लिहिते. २००५-०६ मध्ये पुण्यात पेइंग गेस्ट होते तेव्हा खोलीत एक इराणी मुलगी होती, मशहदची. तेव्हा पुण्यात इराणी विद्यार्थी भरपूर. ही घरी जायला निघाली की स्कार्फ हातातल्या पिशवीत सगळ्यात वर ठेवायची. म्हणायची, विमान उतरायला लागलं की केबिनभर खसखस होते, सगळ्या बायका एकदम स्कार्फ काढून बांधायला लागतात. परत येताना उलटी खसखस.

तिच्याकडून मी भाताची खरपुडी मुद्दाम करायला शिकले. तहदिग म्हणतात. पातेल्याच्या तळाला तेल-केशर, वरून अर्धवट शिजवलेला भात, मंद आचेवर तासभर, आणि मग पातेलं ताटात पालथं. सोनेरी केकसारखं निघतं. आपल्याकडे तळाला लागलं की सुनेला बोलणी, तिकडे तोच तुकडा पाहुण्याला!

नंतर हा सिनेमा आला तेव्हा मी तिला मेल करून विचारलं. तिला नव्हता आवडला. म्हणाली, आमच्या घरी कोणी दारू गाळत नव्हतं, माझी आई नमाज पढते आणि माझे बाबा तिला चहा करून देतात, हे कोणी काढत नाही. मग दोन ओळी सोडून लिहिलं होतं, पण आजी आमचीच होती.

श्टुटगार्टकरीण | रविवार, दुपारी ४:३० (इथली १:००)

खातेवही, तुम्हाला आजीचा तो एक प्रसंग लागला, मला दुसरा. व्हिएन्नाच्या पार्टीत एक मुलगा विचारतो, कुठली तू? आणि ती म्हणते, फ्रेंच. नंतर रस्त्याने जाताना आजीचा आवाज मागे लागतो.

मी इथे येऊन चौदा वर्षं झाली. पहिल्या वर्षी ट्राममध्ये एका म्हातारीने विचारलं, कुठल्या? मी म्हटलं, इटली. का म्हटलं ते देवाला ठाऊक. त्या दिवशी थंडी होती, डब्यात लसणाची चटणी होती आणि तिचा वास सुटला होता, एवढं आठवतं. ती बाई खूश होऊन इटालियनमध्ये बोलायला लागली! पुढच्या स्टॉपला उतरले आणि तीन स्टॉप चालत गेले.

सिनेमाच्या शेवटी पॅरिसमध्ये टॅक्सीवाला हाच प्रश्न विचारतो आणि ती सांगते, इराणची. बस, एवढंच. पुढे जाईची फुलं पडतात आणि आजीचा आवाज. मी थिएटरात दिवे लागेपर्यंत उठले नाही. ‘प्रेरणा’ म्हणायची तर माझी एवढीच, की आता कोणी विचारलं तर नुसतं ‘इंडिया’ नाही, ‘मिरज’ सांगते. समोरचा बावचळतो. बावचळू दे.

वाट्टेलते | रविवार, संध्या. ६:४५

बघून आलो. मंडळी, आर्ट कॉलेजचा तो प्रसंग! शरीररचना शिकायला मॉडेल म्हणून बाई बसवलीय, आणि ती नखशिखान्त काळ्या चादोरीत. सगळे विद्यार्थी गंभीरपणे तो काळा डोंगर सगळ्या बाजूंनी काढताहेत. हसून हसून पुरेवाट. आणि काळ्या बाजारातली कॅसेट खरेदी, कोटवाले लोक कुजबुजत जातात जणू अफू विकताहेत, आणि असतात पॉपच्या गाण्यांच्या कॅसेटी.

मग शेवटाला रडलो. बायको विचारतेय कार्टून बघून कोण रडतं.

उंबरा | रविवार, ७:३०

एक शब्द डोक्यात घोळतोय. आजी त्या भांडणात जो शब्द वापरते तो फ्रेंच ‘अँतेग्रिते’. लेकीला त्याचं मराठी काय सांगाल? मला पहिल्यांदा ‘अब्रू’ सुचलं. तो मुळात फारसीच, आब-ए-रू, म्हणजे चेहऱ्याचं पाणी. आपणही ‘तोंडावरचं पाणी उतरलं’ म्हणतोच की.

रानजाई | रविवार, ७:५०

अब्रू नाही पटत. अब्रू चार लोकांत असते. तिने त्या माणसाकडे बोट दाखवलं ते अब्रू वाचवायलाच की! आजी चिडते ती वेगळ्या गोष्टीसाठी. सचोटी म्हणा.

उंबरा | रविवार, ७:५८

बरोबर. सचोटी. अब्रू वाचवताना सचोटी गेली. खातेवहींच्या ऑफिसातही हेच झालं की.

पावशेर | रविवार, ८:१०

मूळ मुद्द्यावर कोणी बोलतच नाहीये. खातेवही, त्या पोराचं काय करायचं ठरवलंत? माझा सल्ला: काही करू नका. तीन वर्षं झाली, त्याचं दुकान चाललंय, उलट भलंच झालं म्हणायचं. आता सांगून तुमचं मन हलकं होईल, त्याचं जड होईल. आणि नोकरीवर बेतलं तर?

कसबा_पेठ | रविवार, ८:२२

‘उलट भलंच झालं’ हे ज्याचं त्याने म्हणायचं असतं, पावशेर.

श्टुटगार्टकरीण | रविवार, ८:४०

+१. आणि आठवा, आजी त्या प्रसंगानंतर नातीशी अबोला धरते. तो सुटतो कधी? मार्जान कॉलेजच्या सभेत सगळ्यांसमोर उभी राहून बोलते तेव्हा, की बायकांचे स्कार्फ लांब करा, पँट कमी घोळाच्या करा, आणि पुरुषांच्या घट्ट कपड्यांवर अक्षर नाही, असं का. तो पकडून नेलेला माणूस मात्र सिनेमात परत दिसत नाही. त्याचं काय झालं ते कळत नाही. मला ते फार खरं वाटलं आणि फार टोचलं. तुमचा माणूस बसस्टँडच्या मागे आहे, खातेवही.

खातेवही | रविवार, रात्री ११:५५

सगळं वाचलं. उत्तरं देता आली नाहीत कारण घरी नव्हते.

दुपारी तीनला गेले. मोबाईलची स्क्रीनगार्ड फुटली होतीच, ती सबब. दुकान म्हणजे सहा बाय आठचं, दारात जुने चार्जर टांगलेले. तो भिंग डोळ्याला लावून बसला होता. मला बघून उठला, “मॅडम, या ना”, स्टूल पुसून दिलं. मला त्या स्टुलावर बसवेना.

स्क्रीनगार्ड लावेपर्यंत मी गप्प. जुनी काढली, कापडाने पुसलं, धूळ राहिली म्हणून सेलोटेपचा तुकडा लावून ती उचलली, परत पुसलं, उजेडात तिरकं धरून बघितलं, परत पुसलं. मी म्हटलं, अरे किती वेळा? तर म्हणाला, “सवय लागलीय मॅडम. त्या वेळी तुमच्याकडं माझ्या हातून ती एंट्री चुकली ना, तवापासून सगळं दोनदा बघतो.”

तीन वर्षं त्याला वाटतंय की त्याच्याच हातून चुकलं.

मी सांगितलं. एका दमात, खाली बघून. एंट्री माझी होती, रात्री मी मारली होती, तुझं नाव मी सुचवलं. तो काही बोलला नाही. बाहेर कोल्हापूर गाडी लागली, कंडक्टर ओरडत होता, तो आवाज संपेपर्यंत आम्ही दोघं तसेच. मग त्याने फोन माझ्या हातात दिला आणि विचारलं, “हे तिकडं सांगितलंय का तुम्ही? ऑफिसात?”

म्हटलं, नाही.

“मग आधी तिकडं सांगा,” म्हणाला. “दीडशे झाले.”

दोनशेची नोट दिली, सुटे राहू दे म्हटलं. त्याने ड्रॉवर उघडून पन्नास मोजून दिले आणि पुढचा फोन उघडला.

पावशेर, तुमचा सल्ला मला मनापासून आवडला, खरं सांगते. तोच ऐकायचा म्हणून तर धागा काढला होता बहुतेक.

लेक पुण्याला गेली संध्याकाळच्या गाडीने. तिला अजून काही बोलले नाही. उद्या सोमवार, साहेब साडेदहाला येतात.

रानजाई | सोमवार, सकाळी ६:४०

वाचतेय.

पावशेर | सोमवार, ९:०५

शब्द मागे. साडेदहानंतर लिहा काय झालं ते, आम्ही आहोत इथे.

वाट्टेलते | सोमवार, ११:५०

खातेवही?